मागचे कागद काढू नका, ताई

"दादा, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मागच्या महिन्यात जवळच एका घरी इस्टेट सेल होता (घरातलं सगळं सामान विकायला काढतात तो), तिथे साठ डॉलरला एक खोकं घेतलं. आत जुन्या हॉलिवूडचे ब्लॅक अँड व्हाइट फोटो, शंभरच्या आसपास असतील. काहींच्या मागे टाईप केलेला पिवळा कागद चिकटवलाय, वीस-पंचवीस फोटोंना मागून कापड लावलंय आणि डावीकडे भोकं पाडलीत, बऱ्याच फोटोंच्या खालच्या कोपऱ्यात काहीतरी आकडे आहेत. मर्ल ओबेरॉनचे आठ-दहा आहेत, एकाच्या मागे ती टास्मानियात जन्मली असं लिहिलंय. तळाशी एका पाकिटात निगेटिव्ह पण आहेत. एका दुकानदाराला दाखवलं तर तो म्हणाला सगळे मिळून चारशे देतो. मिस्टर म्हणतात देऊन टाक, मला ठेवायचेत. हे ओरिजनल आहेत का कसं कळणार? मागचे कागद घाण दिसतात, पाण्याने सोडवून काढू का? सासूबाई म्हणतात थोडे पुण्याला आणा, फ्रेम करून हॉलमध्ये लावू. आणि ऑनलाइन जीन हार्लोच्या सहीचा फोटो नऊशे डॉलरला आहे, सर्टिफिकेटसकट, घेऊ का?"
– एक वाचक, एडिसन

ताई, पत्र वाचून खूप आनंद झाला, पण फोटोंचं नंतर बोलू, आधी ते निगेटिव्हचं पाकीट खोक्यातून वेगळं काढा, आजच. त्या काळातली बरीचशी निगेटिव्ह नायट्रेटची असायची आणि नायट्रेट म्हणजे भयंकर ज्वलनशील प्रकार, एकदा पेटलं की पाणी ओतूनही विझत नाही कारण जळताना लागणारा ऑक्सिजन ते स्वतःच तयार करतं. तुमच्याच राज्यात, लिटल फेरीला, ९ जुलै १९३७ ला फॉक्स स्टुडिओचं फिल्म साठवायचं गोदाम असंच जळालं. कडक उन्हाळा, आत बंद खोल्यांत जुनी फिल्म सडत पडलेली, तिच्यातून निघालेला गॅस साठला आणि कोणी काडी न लावता पेट घेतला, फॉक्सचे बहुतेक सगळे मूकपट त्यात गेले. घाबरून जाऊ नका, फक्त निगेटिव्हची कड नीट बघा, तिथे 'सेफ्टी' असं छापलेलं असेल तर काही काळजी नाही, साध्या फोटोंसारखी ठेवा. 'नायट्रेट' छापलं असेल, किंवा काहीच छापलेलं नाही आणि निगेटिव्ह पिवळट, चिकट, उग्र वासाची झाली असतील, तर हवाबंद डब्यात घालू नका, माळ्यावर किंवा हीटरजवळ ठेवू नका, कागदी पाकिटात थंड हवेशीर जागी ठेवा आणि गावच्या फायर डिपार्टमेंटच्या साध्या नंबरवर फोन करून काय करायचं ते विचारा. पोस्टाने कोणालाही पाठवायची नाहीत. जाळून बघायची टेस्ट कोणी सांगितली तर ती तर मुळीच करायची नाही.

आता पाण्याचं. नको, नको, नको. मागचे कागद काढू नका, ओलं फडकं सुद्धा लावू नका, कापड ओढून बघू नका. तुमच्या खोक्यात सगळ्यात मोलाचं काय असेल तर ते मागच्या बाजूला आहे असं मी म्हणेन, आणि ते का ते जरा सविस्तर सांगतो कारण नवीन गोळा करणारी बहुतेक माणसं फोटो सरळ धरून चेहरा बघतात, ओळखीचा असला तर खूश होतात आणि उलटून बघतच नाहीत.

तुमच्याकडचे हे असे फोटो, म्हणजे स्टिल, ही सिनेमाच्या रिळातली फ्रेम मोठी केलेली नसते. सेटवर स्टिल काढणारा वेगळा फोटोग्राफर असायचा, त्याच्याकडे आठ बाय दहा इंचाची निगेटिव्ह घेणारा लाकडी कॅमेरा, शॉट ओके झाला की नटनट्यांना परत तशाच पोझमध्ये थांबवायचं, लाइट थोडे इकडेतिकडे करायचे आणि फोटो घ्यायचा. निगेटिव्ह आठ बाय दहा आणि प्रिंटही आठ बाय दहा, म्हणजे मोठं करायची गरजच नाही, कागद निगेटिव्हला टेकवूनच प्रिंट निघायची, म्हणून तीस सालच्या चांगल्या स्टिलमध्ये केसन् केस मोजता येतो, सिनेमाच्या पडद्यावर तेवढं कधीच दिसत नाही. शिवाय पोर्ट्रेट गॅलरी, म्हणजे नटनट्यांचे खास फोटो काढायची स्टुडिओतली जागा, वेगळी, तिथले फोटोग्राफर वेगळे. एमजीएम स्टुडिओला रूथ हॅरिएट लुईस होती, ती १९२५ ला आली तेव्हा अगदी विशीतली, मग जॉर्ज हरेल आला, ग्रेटा गार्बोचे फोटो वर्षानुवर्षं क्लॅरेन्स सिंक्लेअर बुलने काढले, पॅरामाउंटला युजीन रॉबर्ट रिची, आरकेओला अर्नेस्ट बॅकरॅक. रिटच करणारी माणसं त्या मोठ्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने काम करायची, जोन क्रॉफर्डच्या चेहऱ्यावर भरपूर वांग होते आणि स्टुडिओच्या फोटोंत तुम्हाला त्यातला एकही दिसणार नाही. हे सगळं फोटोग्राफीचं अव्वल काम आहे आणि खूप वर्षं ते कोणी फोटोग्राफी म्हणून मोजलंच नाही. स्टुडिओंच्या दृष्टीने ही जाहिरातीची रद्दी, सिनेमा उतरला की काम संपलं, टनावारी फेकून दिली गेली. जॉन कोबालसारखा माणूस ती गोळा करत बसला, म्हातारे झालेले फोटोग्राफर शोधून काढले, त्यांची प्रदर्शनं भरवली, म्हणून आज हरेल आणि बुल ही नावं आपल्याला माहीत आहेत.

तर हा फोटो स्टुडिओतून निघायचा आणि वर्तमानपत्राच्या ऑफिसात जायचा, आणि जाता जाता त्याच्या पाठीवर सगळा प्रवास नोंदला जायचा. तो पिवळा कागद म्हणजे पब्लिसिटी डिपार्टमेंटची कॅप्शन, कलेक्टर लोक त्याला स्नाइप म्हणतात, त्यात नटाचं नाव, सिनेमाचं नाव, कधी फोटोग्राफरचं नाव असतं. मग फोटोग्राफरचा शिक्का असतो, पेपरच्या ऑफिसात फोटो आला त्या तारखेचा शिक्का असतो, कात्रण चिकटवलेलं असतं, कुठून कापायचा त्याच्या मेणपेन्सिलीच्या खुणा असतात. तीस सालानंतरच्या काही फोटोंवर सेन्सॉरवाल्यांच्या मंजुरीचा शिक्का पण सापडतो, कारण नुसता सिनेमाच नाही तर जाहिरातीचे फोटो पण पास करून घ्यावे लागायचे. (याला वैतागून व्हायटी शेफर नावाच्या स्टिल फोटोग्राफरने १९४० च्या सुमारास एक फोटो मुद्दाम असा रचला की जे जे दाखवायला बंदी होती ते ते सगळं एकाच फ्रेममध्ये, पिस्तूल, दारू, मांडी, मेलेला पोलीस, काही सोडलं नाही. कधी बघायला मिळाला तर जरूर बघा.) हे शिक्के आणि कागद काढले की उरतो एक छान चेहरा, कधीचा, कोणी काढलेला, कुठल्या सिनेमाचा काही पत्ता नाही.

आणि तुमच्याकडे तर याचं इतकं भारी उदाहरण आहे की मी पत्र परत वाचलं. मर्ल ओबेरॉन टास्मानियात जन्मली नव्हती. ती आपल्या मुंबईत जन्मली, १९११ साली, अँग्लो-इंडियन घरात, गरिबीत, मुंबईत आणि मग कलकत्त्यात वाढली आणि तिथून इंग्लंडला गेली. त्या काळी हॉलिवूडमध्ये हिंदुस्थानी रक्त असलेली बाई नायिका म्हणून चालणं शक्य नव्हतं, म्हणून जन्म टास्मानियाचा, कागदपत्रं आगीत जळाली, असं सांगितलं गेलं आणि ते तिने आयुष्यभर सांभाळलं. १९३५ च्या 'द डार्क एंजल'साठी तिला ऑस्करचं बेस्ट अॅक्ट्रेसचं नॉमिनेशन मिळालं, १९३९ ला 'वदरिंग हाइट्स' आला, जगभर नाव झालं, आणि १९७९ मध्ये ती गेली तरी हे कोणाला उघड बोलता आलं नव्हतं, ते सगळं लोकांसमोर आलं १९८३ मध्ये. तुमच्या हातात जो कागद आहे ना, तो म्हणजे ही खोटी जन्मकथा स्टुडिओने स्वतः टाईप करून पेपरवाल्यांना वाटली त्याचा पुरावा आहे. आणि तुम्ही तो पाण्यात भिजवणार होता! चेहरा तर पुस्तकात, नेटवर कुठेही मिळेल, हा कागद नाही मिळणार. फक्त यातून एक लक्षात ठेवा की स्नाइपवर लिहिलंय म्हणून खरं असं नसतं, जन्मतारखा, लग्नं, वयं, सगळं पब्लिसिटीवाल्यांच्या सोयीने लिहिलेलं. सिनेमाचं नाव आणि नंबर यावर भरवसा ठेवा, माणसाच्या आयुष्याबद्दल लिहिलेलं तपासून घ्या.

ओरिजनल कसं ओळखायचं. आधी हे समजून घ्या की ओरिजनल आणि डुप्लिकेट असे दोनच प्रकार नसतात. एक, सिनेमा लागला त्याच सुमाराला मूळ निगेटिव्हवरून काढलेली प्रिंट, हिला व्हिंटेज म्हणतात आणि पैसे तिचे. दोन, मूळ निगेटिव्हच पण प्रिंट नंतरची, दहा-वीस-पन्नास वर्षांनी काढलेली. तीन, मूळ निगेटिव्ह नाहीच, कुठल्यातरी प्रिंटचा फोटो काढून बनवलेली कॉपी, आणि बाजारात या तिसऱ्या प्रकाराचा सुळसुळाट आहे. दिसायला सगळे ब्लॅक अँड व्हाइट ग्लॉसी आठ बाय दहा.

एक भिंग घ्या, घड्याळजींकडे असतं तसं दहापटीचं, आणि खालच्या कोपऱ्यातले ते आकडे बघा. ते निगेटिव्हवरच लिहिलेले असायचे, प्रत्येक सिनेमाला स्टुडिओने दिलेला नंबर किंवा छोटा कोड आणि पुढे त्या स्टिलचा नंबर. मूळ निगेटिव्हच्या प्रिंटमध्ये हे आकडे धारदार दिसतात, कॉपीत ते फुगलेले, धूसर. तसंच काळ्या कोटाच्या घड्या, सावलीतले केस, हे कॉपीत नुसते काळे ठिक्कर होतात. कधी कधी गंमत अशी असते की फोटोत सुरकुती दिसते पण बोट फिरवलं तर हाताला लागत नाही, म्हणजे सुरकुती मूळ फोटोला होती आणि तिचाही फोटो निघालाय. भिंगातून बारीक बारीक ठिपके दिसले तर तो फोटोच नाही, छपाई आहे, बाजूला ठेवा.

मग कागद. साधारण सत्तर सालाच्या आसपासपासून प्लास्टिकचा थर असलेला फोटोपेपर आला, तो मागून गुळगुळीत लागतो, जुना कागद कागदासारखाच लागतो. पंधरा-वीस डॉलरचा यूव्ही टॉर्च मिळतो तो घ्या, अंधार करून मारा. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते पन्नासच्या दशकात, त्यामुळे 'तीस सालचा' म्हणून विकलेला फोटो जर टॉर्चखाली निळापांढरा झगमगला तर तो तीस सालचा नाही, विषय संपला. उलट मात्र धरू नका, चमकला नाही म्हणून जुनाच असं सिद्ध होत नाही. आणि फोटो तिरका धरून बघा, काळ्या भागांवर, विशेषतः कडांना, आरशासारखी चंदेरी झाक असेल तर ते प्रिंटमधलं चांदी वर आल्याचं लक्षण, वय झालंय त्याचं. पुसायला जाऊ नका, ती घाण नव्हे.

तुमच्या वर्णनावरून मला वाटतंय खोकं चांगलं आहे. आणि त्यातही कापडवाले. ते बहुतेक कीबुकमधले आहेत, म्हणजे प्रत्येक सिनेमाच्या सगळ्या स्टिलची एक एक प्रत स्टुडिओत मोठ्या बाइंडरमध्ये लावलेली असायची, पान उलटताना फाटू नये म्हणून मागे कापड, आणि भोकं बाइंडरची. नवीन माणसाला ही भोकं बघून फोटो खराब झालाय असं वाटतं. पण हीच भोकं सांगतात की हा फोटो स्टुडिओच्या स्वतःच्या रेकॉर्डमधला आहे, आणि त्यात अशी स्टिल्स पण असतात जी कधी पेपरला गेलीच नाहीत, नुसता सेट, कपड्यांची ट्रायल, पाटी धरलेली, मध्येच कोणी चहा पितंय. मला विचाराल तर हिरोहिरॉइनच्या मिठीपेक्षा हे फोटो जास्त बघण्यासारखे.

आता माझं स्पष्ट मत. ते वीस-पंचवीस कापडवाले जर एकाच सिनेमाचे निघाले, तर ते कधीही सुटे करू नका. विकायचे झाले तरी एकत्र विका, चार पैसे कमी मिळाले तरी चालतील. दुकानदार काय करणार, स्टारचे चेहरे काढून एकेक विकणार, नुसत्या सेटचे फोटो पाच डॉलरच्या टोपलीत टाकणार. त्याचा धंदा आहे, त्याला दोष नाही, पण एकदा विखुरले की परत जमत नाहीत. अमेरिकेत मूकपटांच्या काळात जे मोठे सिनेमे बनले त्यातले सुमारे ७० टक्के आज पूर्ण हरवलेत, लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला होता त्यातला हा आकडा आहे. लॉन चेनीचा 'लंडन आफ्टर मिडनाईट', १९२७ चा, त्याची माहीत असलेली शेवटची प्रिंट एमजीएमच्या गोदामाच्या आगीत गेली, आणि २००२ मध्ये तो सिनेमा परत उभा केला तो नुसत्या स्टिल्सवरून, एकामागून एक लावून. त्याआधी १९९९ ला 'ग्रीड' या मूकपटाचे कापून टाकलेले भाग असेच साडेसहाशेहून जास्त स्टिल्स घालून भरून काढले होते. थिडा बाराचा १९१७ चा 'क्लिओपात्रा', एवढा गाजलेला, आज त्याचे काही तुकडे सोडले तर बघायला फक्त स्टिल्स उरलीत. हे सगळं कोणीतरी गठ्ठा मोडला नाही म्हणून शक्य झालं. तुमचा सिनेमा हरवलेला असेलच असं नाही म्हणत मी, पण कुठला आहे हे कळायच्या आत विकायचा कसा?

म्हणून चारशेला नाही म्हणा. मिस्टरांचंही पटतं मला, साठचे चारशे होतायत तर कोणालाही मोह होईल, पण सरासरी फोटोमागे चारच डॉलर पडतात, आणि साध्या, फारशा माहीत नसलेल्या सिनेमाच्या खऱ्या व्हिंटेज स्टिललाही त्याहून जास्त मिळतात, मर्लचे पोर्ट्रेट, त्यातून फोटोग्राफरचा शिक्का असलेले, ते तर एकेकटेच बऱ्यापैकी किमतीला जातील. आधी प्रत्येक फोटो पुढून आणि मागून दोन्हीकडून स्कॅन करा, सहाशे डीपीआयला, आणि फाइलच्या नावात तो कोपऱ्यातला नंबर टाका. मग ऑक्शनवाल्यांच्या साइटवर जुन्या विक्रीचे आकडे फुकट बघता येतात, तिथे त्याच नटीचा, त्याच काळातला, खरंच विकला गेलेला भाव बघा. कोणी मागितलेला भाव बघून हुरळून जाऊ नका, मागायला काय, कोणीही काहीही मागतं. ऑक्शनला द्यायचे झाले तर कमिशन किती कापणार ते आधी लिहून घ्या, आणि कधी स्वतः घ्यायला गेलात तर बोलीच्या वर वीस-पंचवीस टक्के बायर्स प्रीमियम लागतो हे धरूनच बोली लावा.

जीन हार्लो. घेऊ नका. तिला चाहत्यांची पत्रं पोत्यांनी यायची आणि फोटोंवर सह्या बहुतेक तिची आई करायची, हे त्या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे, आईची सही इतकी ठरलेली आहे की जाणकार एका नजरेत सांगतात. हार्लो १९३७ मध्ये गेली, वय अवघं २६, त्यामुळे तिच्या स्वतःच्या हातच्या सह्या मुळातच थोड्या, आणि अशा सहीचा फोटो नऊशेला कोणी देणार नाही, त्याच्या कितीतरी पट घेतील. म्हणजे ही खरी असेल तर फारच स्वस्त आणि आईची असेल तर फारच महाग, दोन्हीकडून गणित बसत नाही. सर्टिफिकेटचं म्हणाल तर तो प्रिंटरवर काढलेला कागद असतो, त्यावर सही कोणाची, तो माणूस या विषयातला आहे का, चुकलं तर पैसे परत देणार का, या तीन प्रश्नांची उत्तरं नसतील तर त्याची किंमत शून्य. सहीचा नाद लागलाच तर सही केलेले चेक, काँट्रॅक्ट असलं काहीतरी बघा, तिथे आईने किंवा सेक्रेटरीने सही केलेली चालत नाही. तुमच्या खोक्यात छोट्या फोटोंवर छापील सह्या सापडतील, ते चाहत्यांना पाठवायचे फोटो, छान असतात, पण सही म्हणून कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

पुण्याचं. सासूबाईंना हॉलमध्ये लावायला जरूर द्या, पण स्कॅनवरून काढलेली प्रिंट द्या, चांगल्या कागदावर मोठी काढून घ्या, भिंतीवर आठ बाय दहापेक्षा उठून दिसेल. ओरिजनल एडिसनलाच राहू देत. पुण्यात जून ते सप्टेंबर हवेत जो दमटपणा असतो त्यात जुन्या फोटोच्या वरच्या थरावर बुरशी धरते, फ्रेमच्या काचेला फोटो चिकटतो आणि मग सोडवताना थर काचेवरच राहतो, शिवाय कसर. ओरिजनल फ्रेम करायचाच असेल एखादा, तर यूव्ही अडवणारी काच, काच आणि फोटोच्या मध्ये माउंटचं अंतर, आणि जिथे ऊन येत नाही अशी आतली भिंत. तुमच्या घरी सुद्धा बेसमेंट नको, माळा नको, ज्या खोलीत तुम्हाला स्वतःला बरं वाटतं त्या खोलीतलं कपाट सगळ्यात चांगलं.

ठेवायला पॉलिएस्टरची पारदर्शक पाकिटं घ्या, मायलर म्हणून मागितलं तरी देतात, आणि अॅसिड-फ्री खोकं. पीव्हीसीची मऊ, वास येणारी पाकिटं घेऊ नका, आणि पूर्वी आपल्याकडे लग्नाचे फोटो लावायचे ते चिकट पानांचे अल्बम तर अजिबातच नकोत. सेलोटेप नको, लॅमिनेशन नको, रबरबँड नको. वाकलेला फोटो इस्त्रीने सरळ करायचा नाही. लिहायचं झालं तर मागे, कोपऱ्यात, मऊ पेन्सिलीने. ज्या फोटोंमागे स्नाइप आहे त्यातला अॅसिड शेजारच्या फोटोला लागू नये म्हणून मध्ये एकेक कोरा अॅसिड-फ्री कागद घालून ठेवा, बास, एवढंच.

पोस्टर, कपडे, प्रॉप्स याबद्दल तुम्ही विचारलं नाही पण हा छंद तिकडे ओढतोच म्हणून थोडक्यात. लॉबी कार्ड म्हणजे थिएटरच्या लॉबीत लावायचं छोटं पोस्टर, अकरा बाय चौदा इंचाचं, सहसा आठांचा सेट. मोठं पोस्टर म्हणजे वन-शीट, जुनं असेल तर सत्तावीस बाय एक्केचाळीस आणि घडी घातलेलं, कारण ऐंशीच्या दशकापर्यंत थिएटरला घडी घालूनच पाठवायचे, त्यामुळे 'साठ वर्षं जुनं आणि एकही घडी नाही' असं कोणी म्हणालं की जरा थांबा. तीस सालच्या भयपटांच्या पोस्टरपासून लांबच राहा, एक तर किमती लाखो डॉलरमध्ये जातात आणि दुसरं म्हणजे २००९ च्या सुमारास त्यांच्या बनावट प्रती भल्याभल्या कलेक्टरांनी घेतल्याचं उघड झालं होतं. प्रॉप्सचं जग तर आपल्यासाठी नाहीच. १९७० मध्ये एमजीएमने गोदामं रिकामी करायला लिलाव काढला तेव्हा 'द विझर्ड ऑफ ऑझ'मधल्या लाल बुटांची एक जोडी पंधरा हजार डॉलरला गेली आणि लोकांना ते वेडेपण वाटलं, तशाच दुसऱ्या एका जोडीला डिसेंबर २०२४ मध्ये प्रीमियम धरून सव्वातीन कोटी डॉलर मिळाले. स्टिल्स हा एकच कोपरा असा उरलाय जिथे पगारदार माणसाला महिन्याला पन्नास डॉलर बाजूला टाकून खरी, त्या काळातली, त्या सेटवरची वस्तू घेता येते.

आणि घ्यायच्या तर दिसेल ते घेत सुटू नका. मी तुमच्या जागी असतो तर मर्ल ओबेरॉन धरली असती. आठ-दहा आहेतच, तिचे फोटो अजून आवाक्यात आहेत, आणि मुंबईत जन्मलेल्या, आपलं जन्मगाव जन्मभर लपवावं लागलेल्या बाईचे मागचे कागद वाचायला, लावायला, वर्षांप्रमाणे मांडायला आपल्यासारखं कोण बसेल? कुठल्या वर्षी काय लिहिलं, टास्मानिया कधी आलं, कधी गाळलं, कुठल्या स्टुडिओने काय रंगवलं, एवढं जरी शंभर फोटोंच्या पाठीवरून तुम्ही जमवलंत तरी ते काम कुठल्याही सिनेमाच्या अभ्यासकाला उपयोगी पडेल. बेव्हर्ली हिल्सला ऑस्कर देणाऱ्या अॅकॅडमीची मार्गारेट हेरिक लायब्ररी आहे, तिथे एक कोटीच्या वर फोटो आहेत आणि तुमच्या-आमच्यासारख्या माणसाला फुकट बसून बघता येतात, कधी कॅलिफोर्नियाला गेलात तर एक दिवस तिथे काढा, मिस्टरांनाही न्या.

एक हक्काची गोष्ट राहिली. फोटो तुमचा झाला म्हणजे छापायचा हक्क तुमचा झाला असं नाही. घरी लावा, मित्रमंडळात दाखवा, पण उद्या कॅलेंडर किंवा टी-शर्ट करून विकायचं डोक्यात आलं तर आधी वकिलाला विचारा, काही जुन्या स्टिल्सचे हक्क संपलेत, काहींचे नाहीत, आणि नटनट्यांच्या चेहऱ्याचा धंद्यासाठी वापर हा इथे वेगळाच कायदा आहे.

तर दुकानदाराला 'नको' म्हणून कळवा, निगेटिव्हचं आजच बघा, आणि कापडवाल्या फोटोंच्या कोपऱ्यातले आकडे एका कागदावर उतरवून मला पाठवा, आकड्याआधी एखादं अक्षर असेल तर तेही, आणि कापडाच्या बाजूला काही शिक्का असेल तर त्याचा मोबाइलवर फोटो. त्या नंबरांच्या याद्या कलेक्टर लोकांनी वर्षानुवर्षं खपून बनवल्या आहेत, सिनेमा कुठला ते आपण शोधून काढू.